घरातली हत्यारांची खोली आवरताय? रॅक सगळ्यात शेवटी घ्या

बहुतेक लोक आवराआवरीची सुरुवात बाजारातून करतात. आधी स्लॉटेड अँगलचा रॅक येतो, मग ऑनलाइन बघितलेले छोट्या ड्रॉवरचे डबे येतात, मग जुना सगळा पसारा तसाच्या तसा उचलून नव्या डब्यांत भरला जातो आणि दोन महिन्यांनी दहाचा पाना परत सापडत नाही म्हणून हार्डवेअरवाल्याकडून नवीन आणला जातो. ओळखीपाळखीत हेच बघत आलोय, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. जागा कुठलीही असू दे, बंगल्याचं गॅरेज, रो हाउसचं पार्किंग, मागच्या अंगणातली पत्र्याची शेड, गच्चीवरची खोली किंवा फ्लॅटमधला माळा, क्रम बदलत नाही. बाहेर काढा, जागा दुरुस्त करा, वर्गवारी करा, नको ते घराबाहेर घालवा, मग जागा ठरवा आणि मग खरेदी.

## सुरू करायच्या आधी

पावसाळ्यात हे काम काढूच नका. सामान अंगणात काढलं आणि सर आली की सगळं ओलं परत आत जातं, आणि ओलं लोखंड बंद खोलीत ठेवलं की गंज धरलाच. बरा काळ दोनच, एक म्हणजे पावसाळ्याआधीचे एप्रिल-मे आणि दुसरा दसऱ्याच्या आधीचा. दुसरा मला जास्त पटतो, कारण खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, तेव्हा ती पुसून बाहेर काढायचीच असतात, आणि पाऊस नुकताच संपल्यामुळे कुठे ओल आली, कुठे वाळवी लागली ते डोळ्यांसमोर असतं. फक्त पाऊस खरंच थांबलाय ना ते बघून दिवस ठरवा.

एका दुपारीत होईल असं धरू नका. छोटी खोली असेल तर शनिवार-रविवार, मोठं गॅरेज असेल तर दोन वीकेंड ठेवा. माणूस अर्ध्यात दमतो आणि मग संध्याकाळी जे हाताला येईल ते आत कोंबतो, बहुतेक ठिकाणी काम इथेच बिघडतं.

जवळ हे ठेवा:

- दोन मोठ्या ताडपत्र्या किंवा जुन्या चादरी
- जाड हातमोजे, बंद बूट, एन-९५ मास्क
- टॉर्च, मास्किंग टेप, जाड मार्कर
- रिकामी पोती, खोके, आणि बादलीभर कोरडी वाळू
- एक लोहचुंबक, जुन्या स्पीकरमधला पण चालतो

घरच्यांना आधी सांगून ठेवा. वडिलांचा रंधा, आजोबांचा शेगडा (वस्तू घट्ट धरायचा व्हाइस), भावाच्या गाडीचे पार्ट, कुणाचं काय आहे हे विचारल्याशिवाय भंगारात काही जात नाही, ही अट पहिल्या दिवशीच घालून घ्या म्हणजे नंतर भांडणं नकोत.

सावधान: कोकणात किंवा शेताजवळ घर असेल तर लाकडाचा ढीग, पोती, टायर यांच्या मागे थेट हात घालायचा नाही. आधी काठीने हलवायचं, टॉर्च मारायचा, थोडं थांबायचं, मग ओढायचं. विंचू आणि साप दोघांनाही अशाच जागा लागतात.

## टप्पा १: सगळं बाहेर, खरंच सगळं

काढायच्या आधी मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. अमुक वस्तू कुठे होती हा वाद मिटतो, आणि मशीनच्या वायरी कशा जोडल्या होत्या तेही कळतं.

मग सगळं बाहेर. इथे लोक हमखास चुकतात, एकच कोपरा घेतात, तो आवरतात, मग दुसरा घेतात. त्यात होतं असं की पहिल्या कोपऱ्यात पाच स्क्रू ड्रायव्हर नीट लावले जातात आणि तिसऱ्या कोपऱ्यात अजून सात निघतात. एकाच जातीच्या सगळ्या वस्तू एकत्र दिसल्याशिवाय आपल्याकडे किती जास्त आहे ते कळतच नाही. चार टेस्टर, तीन मेजर टेप, अर्धवट वापरलेल्या सहा टेफ्लॉन टेप, हे शेजारी शेजारी पडलेलं दिसलं की निर्णय आपोआप होतो.

अंगण नसेल आणि जागा मोठी असेल तर एक पूर्ण भिंत एका वेळी घ्या, पण छोटी हत्यारं आणि नट-बोल्ट मात्र सगळ्या भिंतींवरचे एकदमच काढा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये ढीग पसरणार असाल तर तो संध्याकाळी उचलला गेला पाहिजे, कॉमन पॅसेजमध्ये आणि जिन्यात तर काहीच ठेवायचं नाही, आग लागली तर लोकांना बाहेर पडायचा तोच रस्ता असतो.

तपासणी: खोलीत आता झाडू सरळ या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जातो का? जात नसेल तर पहिला टप्पा झालेला नाही.

## टप्पा २: रिकाम्या खोलीची दुरुस्ती

ही संधी परत मिळत नाही. भिंतीवर पांढरी पूड किंवा पोपडे दिसले तर ओल आहे, बाहेरून प्लास्टरची भेग किंवा पाइप गळतोय का ते बघा. भिंतीवर मातीची बारीक नळी चढलेली दिसली तर ती वाळवी, ती नुसती झाडून टाकून काही होत नाही, आधी पेस्ट कंट्रोल करून घ्या आणि त्यानंतरच लाकूड आत न्या.

वीज बघून घ्या. चार इंची ग्राइंडर, ड्रिल यांना साधा ६ अँपिअरचा सॉकेट पुरतो, पण १४ इंची कट-ऑफ मशीन, वेल्डिंग मशीन, मोठा कॉम्प्रेसर यांना तो अजिबात नाही, वेल्डिंगला तर लाइन कुठली लागेल ते इलेक्ट्रिशियनलाच विचारा. अर्थिंग चालू आहे का तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडून मशीन चालवायची सवय असेल तर सॉकेट कामाच्या टेबलाजवळ आणा, हा खर्च रॅकच्या आधीचा आहे. लाइट टेबलाच्या वर पाहिजे, पाठीमागे असला तर आपलीच सावली कामावर पडते.

## टप्पा ३: वर्गवारी, आणि इथे घाई नको

ताडपत्रीवर मास्किंग टेपने चौकोन आखा आणि प्रत्येकावर कामाचं नाव लिहा: नळकाम, वीजकाम, सुतारकाम, रंगकाम, गाडी, बाग, मोजमाप. वस्तूच्या आकाराने नाही तर कामाने वाटायचं. कारण रात्री अकरा वाजता नळ गळायला लागला की तुम्हाला पाइप पाना, टेफ्लॉन टेप, वॉशर आणि जुना स्पिंडल एकत्र हवा असतो, सगळे पाने एका डब्यात आणि सगळे वॉशर दुसऱ्या डब्यात असले तर काही कामाचं नाही. पक्कड, हातोडी, स्क्रू ड्रायव्हर ही सगळ्या कामांना लागणारी हत्यारं, त्यांचा वेगळा चौकोन.

हे वाटून झालं की प्रत्येक चौकोनात दुसरी चाळणी, ठेवायचं की नाही. माझे नियम असे:

चालतंय का ते आत्ताच बघा. ड्रिल लावून फिरवा, टेस्टर सॉकेटमध्ये घालून बघा, पान्याचं तोंड झिजलंय का बघा. "बघू नंतर" असा ढीग करायचा नाही. दुरुस्त करायच्या वस्तूंवर टेप लावून तारीख लिहा, पुढच्या महिन्याची, त्या तारखेपर्यंत दुरुस्त झाली नाही तर ती भंगार.

कोपऱ्यावरच्या दुकानात दहा-वीस रुपयांना मिळतं ते साठवू नका. वाकलेले खिळे, अर्धे प्लास्टिक गिट्ट्यांचे पुडे, घासून गुळगुळीत झालेले पॉलिश पेपर, यांनी जागा खाल्लेली असते.

जे परत मिळणार नाही ते मात्र नक्की ठेवा. लोक बरोबर याच्या उलट करतात. घरात बसवलेल्या फरश्यांच्या उरलेल्या सहा-आठ टाइल्स, किचनच्या सनमायकाचा तुकडा, जुन्या मॉडेलच्या नळाचा स्पिंडल, ग्रिलच्या डिझाइनचा शिल्लक पीस, हे जपून ठेवा. टाइलची तीच शेड त्याच बॅचची पाच वर्षांनी कुठेच मिळत नाही, आणि बाथरूमचं पाइप गळून दोन टाइल फोडाव्या लागल्या की या कोपऱ्यातल्या धूळ खाणाऱ्या टाइल्सच पूर्ण भिंत वाचवतात. उरलेल्या रंगाच्या डब्याचं पण तसंच, रंग गेला तरी चालेल पण झाकणावरच्या शेड कोडचा फोटो काढून ठेवा.

### नट-बोल्टचा डबा

प्रत्येक घरात एक डबा असतो, त्यात नट, बोल्ट, वॉशर, स्क्रू, एखादी बेअरिंगची गोळी आणि तळाशी गंजाची पूड. तो ताटात ओतून लोक लांबीने निवडायला लागतात. लांबी नंतर, आधी आटा, म्हणजे बोल्टवरचे आणि नटातले गोल फिरत जाणारे खाचे. आपल्याकडे जुन्या सामानात सुती बोल्ट असतात (सुतात मोजलेले, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि नव्यात एमएमचे (एम-८ म्हणजे ८ एमएम जाडीचा), आणि अडीच सुती बोल्ट म्हणजे ५/१६ इंच, जवळपास ७.९४ एमएम, तो एम-८ बरोबर ठेवला तर नुसत्या डोळ्यांना फरक दिसत नाही. पण आट्यांमधलं अंतर वेगळं, एम-८ ला १.२५ एमएम आणि सुतीला इंचात १८ आटे म्हणजे साधारण १.४१ एमएम. चुकीचा नट एक-दोन फेरे जातो आणि मग जड लागतो, आपल्याला वाटतं गंज असेल, पाना लावून जोर काढतो आणि दोन्हींचे आटे जातात.

म्हणून असं करा. दुकानातून एम-६, एम-८ आणि एम-१० चा एक-एक नवा बोल्ट आणि नट आणा, यांना मास्टर समजा आणि एका पट्टीवर बसवून भिंतीला लावून टाका. डब्यातला प्रत्येक नट मास्टर बोल्टवर आणि प्रत्येक बोल्ट मास्टर नटात हाताने फिरवून बघा, पाना वापरायचा नाही. मोकळा शेवटपर्यंत गेला तर तो त्या बरणीत. जड गेला तर सुतींच्या बरणीत. आटे गेलेले, वाकलेले सरळ भंगारात. त्या पट्टीवर पान्याचे नंबर पण लिहून ठेवा, एम-६ ला दहाचा, एम-८ ला तेराचा, एम-१० ला सहसा सतराचा, म्हणजे गाडीखाली पडलेला माणूस ओरडून पाना मागतो तेव्हा देणाऱ्याला कळतं.

बरण्या पारदर्शक घ्या, फरसाणाच्या रिकाम्या बरण्या उत्तम. पत्र्याच्या डब्यात काय आहे ते उघडल्याशिवाय कळत नाही आणि मग उघडून परत न लावलेली झाकणं जमतात.

## टप्पा ४: धोक्याचं सामान वेगळं

हा ढीग बाकीच्यात मिसळू द्यायचा नाही, आणि मुलं आसपास असतील तर आधी त्यांना घरात पाठवा.

ॲसिड. फरशी किंवा संडास साफ करायचं ॲसिड हत्यारांच्या खोलीत ठेवायचंच नाही. त्याची वाफ बंद झाकणातूनसुद्धा हळूहळू येत राहते आणि खोलीतल्या सगळ्या लोखंडावर गंज चढवते. ज्यांची हत्यारं तेल लावूनही गंजतात त्यांनी आधी कोपऱ्यात ही बाटली आहे का ते बघावं. आणि ॲसिड, थिनर, टर्पेंटाइन पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच भरू नका, तहानलेलं पोर बाटली बघतं, लेबल बघत नाही. अशी बिनलेबलची बाटली सापडली तर वास घेऊन ओळखायच्या फंदात पडू नका, आणि ॲसिड व ब्लीच एकमेकांच्या जवळ नकोत, एकत्र झाले तर विषारी क्लोरिन वायू तयार होतो.

तेलकट चिंध्या. लाकडाला अळशीचं तेल लावून झालं की ती चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकली जाते. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेल्या कापडात ती अडकून चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघड्यावर पसरून पूर्ण कडक वाळवा किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

ग्राइंडरच्या डिस्क. यांना एक्सपायरी असते, मधल्या लोखंडी रिंगवर बारीक अक्षरात महिना किंवा तिमाही आणि वर्ष छापलेलं असतं. आतला रेझिनचा बाँड ओलीने आणि वयाने कमजोर होतो आणि हजारो फेऱ्यांच्या वेगाला डिस्क फुटते. तारीख गेलेली, पडलेली, टवका उडालेली डिस्क तोडून टाका, तशीच कचऱ्यात टाकली तर कुणीतरी उचलून वापरेल.

स्प्रे कॅन. डब्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये छपराजवळ तेवढं तापमान सहज होतं, म्हणून कॅन खाली सावलीत किंवा घरात. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या पण घरातच, अर्धवट चार्ज करून.

इन्व्हर्टरची बॅटरी. चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तिच्या शेजारी ग्राइंडर किंवा वेल्डिंगच्या ठिणग्या नकोत, हवा खेळती पाहिजे.

जुनी बॅटरी दुकानदाराला परत करा, नव्या बॅटरीच्या किमतीत काही रक्कम कमी होते. जुने चार्जर, पीसीबी (सर्किट बोर्ड), बंद मशीन ई-कचऱ्यात. सीएफएल आणि ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, फोडू नका. उरलेला रंग गटारात ओतायचा नाही, डबा उघडा ठेवून त्यात कोरडी वाळू किंवा लाकडाचा भुसा कालवा, उघड्यावर घट्ट वाळू द्या, मग टाका.

## टप्पा ५: नको ते त्याच दिवशी घराबाहेर

भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा की संध्याकाळी ये. ढीग रात्रभर राहिला की सकाळी घरातलं कुणीतरी त्यातून तीन वस्तू परत आत नेतं.

धातू वेगळे करून द्या, कालवून दिले की सगळं लोखंडाच्या भावात जातं. चुंबक लावा, चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर पितळ, तांबं, ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस स्टील. जुने नळ पितळेचे असतात, क्रोमखाली कानसेने थोडं घासलं की पिवळं दिसतं, हे वेगळं ठेवायचं. वायरवरचं प्लास्टिक जाळून तांबं काढायचं नाही, तो धूर विषारी असतो, वायर तशीच द्या.

चालणारं पण नको असलेलं हत्यार भंगारात घालू नका. गल्लीतल्या सुताराला, प्लंबरच्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला विचारा, त्याचं काम चालू होतं.

## टप्पा ६: आत जायच्या आधी हत्यारं स्वच्छ

गंजलेलं तारेच्या ब्रशने घासा, जास्त गंज असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी पाण्याने धुवा, पाण्यात थोडा सोडा घालून परत धुवा, लगेच पुसा, उन्हात वाळवा आणि मशीन ऑइलचा हात फिरवा. धुऊन तसंच ठेवलं तर तासाभरात नवा गंज दिसतो. लाकडी मुठी भिजवू नका.

पटाशी, रंध्याचं पातं वर्तमानपत्रात किंवा प्लास्टिक पिशवीत गुंडाळून ठेवायची सवय सोडा. कागद ओल ओढतो, पिशवी आत कोंडते. मशीन ऑइलमध्ये भिजवलेलं सुती कापड बरं.

## टप्पा ७: जागा ठरवा, आणि आता टेप घेऊन बाजारात जा

आता तुम्हाला नक्की किती सामान आहे ते माहीत आहे. मास्किंग टेपने भिंतीवर आणि जमिनीवर जागा आखा, दोन-तीन दिवस तसंच वापरून बघा, दार पूर्ण उघडतं का, गाडी लागल्यावर गाडीचं दार उघडतं का, सहा फुटी पट्टी कापताना ती वळवता येते का. मग मापं घ्या आणि रॅक आणा.

- रोजचं हत्यार कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या पट्ट्यात, भिंतीवर दिसेल असं.
- जड मशीन, टूलबॉक्स, टाइल्स कमरेच्या खाली. डोक्याच्या वर फक्त हलकं आणि वर्षातून एकदा लागणारं.
- ब्लेड, केमिकल, पॉवर टूल कुलपात, घरात लहान मूल असेल तर यावर चर्चा नको.
- रॅकचा खालचा खण जमिनीपासून निदान सहा इंच वर, म्हणजे खाली झाडू जातो आणि पाणी आलं तर सामान वाचतं. सांगली-कोल्हापूरकडे २०१९ च्या पुरात ज्यांच्या तळमजल्यात पाणी शिरलं त्यांना मशीन वर का ठेवायचं ते सांगावं लागत नाही.
- सिमेंटचं उरलेलं पोतं भिंतीला टेकवू नका, फळीवर ठेवा, आणि तीन महिन्यांपेक्षा जुनं असेल तर कॉलम-स्लॅबसारख्या कामात वापरू नका.

एमडीएफचा (दाबलेल्या लाकडी भुशाचा) पेगबोर्ड, म्हणजे हत्यारं टांगायचा भोकांचा बोर्ड, मुंबईत आणि कोकणात पावसाळ्यात फुगतो आणि भोकं सैल पडतात, तिथे भोकांचा पत्रा किंवा १२ एमएमचा वॉटरप्रूफ प्लाय लावून त्यावर खिळे मारा. रॅक कितीही जड असला तरी वरच्या टोकाला भिंतीला बांधा. बऱ्याच नवीन इमारतींच्या भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांच्या) असतात, त्यात साधी प्लास्टिक गिट्टी वजन धरत नाही, त्यासाठीचे वेगळे अँकर मिळतात तेच मागा.

## टप्पा ८: नावं लिहा

बरणीवर मार्करने "एम-८ बोल्ट, १ ते २ इंच" असं लिहा, नुसतं "बोल्ट" लिहून उपयोग नाही. भिंतीवर टांगलेल्या हत्याराच्या मागे त्याची बाह्यरेषा पेन्सिलने काढून रंगवा, रिकामी जागा लगेच दिसते. उसनं नेणाऱ्याचं नाव त्या खिळ्यावर चिठ्ठी अडकवून लिहा.

एक रिकामा डबा मुद्दाम दाराजवळ ठेवा, दमलेल्या दिवशी जे परत जागेवर जात नाही ते त्यात पडू दे, रविवारी रिकामा करा. तो रविवारपर्यंत भरून वाहत असेल तर कुठली तरी जागा चुकीची ठरलीय, बहुतेक वेळा ती फार उंच असते किंवा तिच्यापुढे दुसरं काहीतरी उभं केलेलं असतं. ती बदला.

शेवटची तपासणी: घरातल्या ज्या माणसाने आवरायला हात लावला नव्हता त्याला आत पाठवा आणि टेस्टर, पाइप पाना आणि एक एम-६ चा नट आणायला सांगा. तुम्ही बाहेरच थांबा. तो कुठे अडकला ते विचारा आणि तिथलं लेबल किंवा उंची दुरुस्त करा.